चटणीतलं लव्हेंडर

आमच्या घरात कामाचं नाक एकच, ते बायकोचं. माझ्या तोंडावर जे आहे ते चष्मा टेकवण्यापुरतं दिलेलं आहे. हे मी विनयानं म्हणत नाही, सगळ्या भावकीचं हेच मत आहे. उन्हाळा लागून वर्षाच्या चटणीचे, म्हणजे वर्षभर पुरेल एवढं मसाल्याचं तिखट करायचे, दिवस आले की तिला दोन्हीकडच्या नातेवाइकांचे फोन सुरू व्हायचे. ती कुणाच्याही कढईपासून चार हात लांब उभी राहायची आणि नुसत्या वासावर सांगायची, "धनं कच्चं हाईत अजून," नाहीतर "खोबरं खवट हाय, बदला." मुरगूडजवळच्या तिच्या माहेरी तर तिला विचारल्याशिवाय लग्नाच्या रश्शात मसाला पडत नसे.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत तिला ताप आला. आठ दिवसांनी ताप गेला आणि जाताना तिचा वास घेऊन गेला. फुलाचा नाही, फोडणीचा नाही, करपल्याचा नाही, कसलाच वास तिला येईना. तिनं ते लपवलं. कळलं असतं तर चटणीचा कारभार हातातून गेला असता, आणि तो गेला की आपल्याला कोण विचारणार, या भीतीनं तिनं दातओठ आवळून सगळं पूर्वीसारखं चालू ठेवलं. मी तिच्याबरोबर एका छपराखाली राहत होतो, दिवसातून तीनदा तिच्या हातचं खात होतो, आणि मला हे कळायला चौदा महिने लागले. त्या चौदा महिन्यांत मी काय करत होतो म्हणाल, तर लव्हेंडर लावत होतो.

मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत पंचवीस वर्षं इन्स्पेक्शनला होतो. ओतलेल्या लोखंडावर लहान हातोडीची टिचकी मारायची आणि आवाजावरून आत तडा आहे की नाही ते सांगायचं, हे माझं काम. माझ्या कानाचा शॉपमध्ये दरारा होता. रिटायर झाल्यावर तो दरारा घेऊन मी घरी आलो आणि कुठं वापरावा ते कळेना. पहिल्या महिन्यात स्वयंपाकघरातल्या सगळ्या बरण्यांना लेबलं लावली. बायको तीस वर्षं लेबलाशिवाय बरण्या ओळखत होती, पण मी तिला सिस्टीम म्हणजे काय ते समजावून सांगितलं. ती म्हणाली, "बरं," आणि कणीक मळायला लागली.

तेवढ्यात बंगळूरहून मुलीनं एक जांभळी कापडी पुरचुंडी पाठवली. आत वाळलेली लव्हेंडरची फुलं. कपाटात ठेवा, कपड्यांना छान वास येतो, असं तिचं म्हणणं. मी पुरचुंडी उसवून फुलं ताटलीत ओतली, भिंगातून पाहिली आणि जाहीर केलं की यात काही अवघड नाही, हे आपल्या गच्चीवर होईल. मग मोबाईलवर गवती टोपी घातलेल्या एका गोऱ्या बाईचे व्हिडिओ पाहण्यात दोन आठवडे गेले. ती टेकडीभर पसरलेल्या जांभळ्या शेतात उभी राहून विळ्यानं पेंढ्या कापायची. मीही एक विळा धार लावून आणला. बी पेरायच्या आधी विळा आणणारा माणूस कोल्हापुरात मी एकटाच असेन.

बायको त्याला लवंडर म्हणायची. मी तिला सुधारायचो. "लवंडर नव्हे गं, लव्हें-डर."

"तेच की. लवंडर."

बियांची पन्नासेक रोपं वर आली आणि मला आकाश ठेंगणं झालं. मग आमच्याकडचा पावसाळा सुरू झाला. तीन महिने गच्चीवरची फरशी वाळली नाही. कुंड्यांत पाणी साचलं आणि रोपं एकेक करून आडवी व्हायला लागली. शेवटचं रोप पडलं त्या दिवशी बायको छत्री घेऊन वर आली, माझ्या शेजारी थांबली आणि म्हणाली, "लवंडर हाय ते. लवंडणारच की." मला हसू आलं नाही. चार दिवस मी तिच्याशी तुटक बोलत होतो, जणू मुळं तिनंच कुजवली होती.

माती पाणी धरते हे माझ्या लक्षात आलं आणि माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. पाणी धरत नाही ते काय, तर वाळू. आणि वाळू कुठली चांगली, तर आमच्या फाउंड्रीची. जुन्या ओळखीवर दोन पोती काळी वाळू मागवली. ती साच्याची वाळू, घट्ट बसावी म्हणूनच तिच्यात चिकणमाती घातलेली असते, हे मी पंचवीस वर्षं रोज पाहिलेलं होतं. तरी कुंड्या भरल्या. पाणी घातल्यावर ती अशी बसली की त्यात पंपाचं झाकण ओतता आलं असतं. रोप मात्र जगणं शक्य नव्हतं.

ऑक्टोबरात शेवटी नर्सरीत गेलो. नर्सरीवाला सरळ माणूस. म्हणाला, "पावणं, हे हितं जगत न्हाई. गुलाब न्हेवा, न्हाईतर शेवंती न्हेवा." मी त्याला निचरा या विषयावर दहा मिनिटं ऐकवलं आणि आठ रोपं घेऊन आलो. विटांचे तुकडे, नदीची वाळू, थोडं शेणखत. आठातली तीन जगली. जगली ती का जगली ते मला आजही माहीत नाही, पण तेव्हा मी विचारणाऱ्याला आणि न विचारणाऱ्याला कारणं सांगत होतो.

या तिन्ही रोपांच्या पानांनाही वास असतो. बोटांत चुरडलं की येतो. त्यामुळं ऑक्टोबरपासून माझा एक नेम झाला. सकाळी वर जायचं, एक शेंडा खुडायचा, बोटांत चोळायचा आणि खाली येऊन बायकोच्या नाकाला लावायचा. ती पोळ्या लाटत असो की देवापुढं बसलेली असो.

"बघ, कसा येतोय?"

ती डोळे मिटून श्वास घ्यायची. "झकास!"

"कालच्यापेक्षा?"

"कालच्यापेक्षा जास्ती हाय आज."

एवढ्यावर माझा दिवस जायचा. एकदा मी चुकून शेजारच्या कुंडीतल्या शेवंतीचं पान चोळून आणलं होतं. ते माझ्या नंतर लक्षात आलं. तिनं त्यालाही झकास म्हटलं होतं. मी मनाशी ठरवलं की माझ्या बोटांनाच लव्हेंडर मुरलं असणार.

जानेवारीच्या अखेरीस फुलं आली. दांडीवरच्या सगळ्यांत खालच्या कळ्या उमलल्या की कापायचं, दव उडाल्यावर आणि ऊन चढायच्या आत, असं टोपीवाल्या बाईनं सांगितलेलं. मी कळ्यांची लांबी व्हर्नियरनं मोजली. दव उडालं का ते टिपकागदानं तपासलं. मग विळा काढला. पहिली तोडणी अकरा दांड्यांची झाली. विळ्यानं अकरा दांड्या कापताना आपण टक्कल भादरतोय असं वाटायला लागलं, म्हणून सहाव्या दांडीनंतर मी नखं कापायची कात्री वापरली.

मार्चपर्यंत अशा सहा तोडण्या झाल्या. वाळवण्यासाठी मी जिन्यावरची खोली ताब्यात घेतली. अंधार हवा, वारा हवा. खिडकीला जुन्या छत्रीचं काळं कापड लावलं, दोरी बांधली, दांड्यांच्या जुड्या करून उलट्या टांगल्या. जुडीला दोरा बांधायचा नाही, रबर लावायचं. कारण वाळताना दांड्या बारीक होतात आणि दोरा सैल पडून जुडी निसटते. ही विद्या मी बायकोला अर्धा तास शिकवली. पापड, सांडगे, कुरडया, मिरच्या, तीस उन्हाळे ज्या बाईनं वाळवण घातलं, तिला मी सांगत होतो की वाळलं की वस्तू आकसते. ती ऐकून घेऊन म्हणाली, "व्हय? मला ठावं नव्हतं." त्यातली खोच मला कळली नाही. मी तिला पुन्हा एकदा सांगितलं.

तीन आठवड्यांनी जुड्या सुपात चोळल्या. फुलं खाली, काड्या बाजूला. काही फुलांच्या मी पुरचुंड्या केल्या, बायकोच्या जुन्या ब्लाऊजपिसांच्या, आणि नातेवाइकांत वाटल्या. कुरुंदवाडला दिलेली माझी थोरली बहीण, आमची आक्का, ती नाकाला लावून म्हणाली, "ह्येला हजामाच्या दुकानाचा वास येतोय रं." मेव्हण्यांनी डांबरगोळ्या बऱ्या असं मत दिलं. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. घरी येऊन बायकोला म्हणालो, सगळ्या खानदानात वासाची जाण फक्त तुला आहे. ती चहा ठेवायला उठली.

आता मागं पाहिलं की स्वतःच्या मुस्काटात मारून घ्यावी असं वाटतं, कारण खुणा का कमी होत्या? आमटी दोनदा खाली लागली. मी ताटावरून नावं ठेवली, तुझं हल्ली लक्ष नसतं म्हणालो. एकदा बाहेरून आलो तर घरात गॅसचा वास भरलेला आणि ती ओट्याशी शांतपणे भाजी निवडत बसलेली. मी बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या आणि तिला सुरक्षेवर व्याख्यान दिलं. रोज संध्याकाळी गजरेवाला हाक मारायचा तेव्हा ती दारात जायची; ते तिनं बंद केलं. मला वाटलं, वय झालं, हौस कमी झाली, बरं झालं. लोखंडाच्या पोटातला तडा ऐकणारा मी, मला माझ्या स्वयंपाकघरातलं काही ऐकू आलं नाही.

उरलेली फुलं मी कॉफीच्या एका रिकाम्या बरणीत भरली. बरणी अंधारात आणि कोरड्या जागी ठेवायची म्हणून मसाल्याच्या फळीवर ठेवली. लेबल लावायला गेलो तर पट्टी संपत आली होती. 'लव्हेंडर' मावेना. मग नुसतं 'फूल' लिहिलं. हे फूल कुठलं, ते वासावरून कुणालाही कळेल, असं मी तेव्हा मोठ्यानं म्हणालोही होतो.

एप्रिलमध्ये चटणी करायला आक्का आली. दरवर्षी ती दोन दिवस येते आणि आपल्या वाटणीची बरणी घेऊन जाते. गच्चीवर जुन्या साडीवर मिरची वाळून कडकडीत झाली होती, ब्याडगी रंगाला आणि संकेश्वरी तिखटाला. आक्का पुढच्या खोलीत पदर नाकाला बांधून लसूण सोलत बसली. बायकोनं परसात शेगडी मांडली आणि एकेक जिन्नस तेलावर भाजायला घेतला. ठसक्यानं तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, म्हणून चष्मा काढून ठेवला होता. मी सुपरवायझर. म्हणजे आत-बाहेर करून बरण्या देत होतो आणि मधूनमधून आच कमी-जास्त करायला सांगत होतो.

धणे झाले, तीळ झाले, खोबरं झालं. दगडफुलाची पाळी आली. तेल तापलं होतं, तिला घाई होती. ती आतल्या दिशेनं ओरडली, "फूल द्या वो, फूल! लौकर!"

फळीवर 'दगडफूल' असं लेबल असलेली बरणी होती. आणि तिच्या शेजारी नुसतं 'फूल' लिहिलेली होती. सिस्टीमप्रमाणे जे मागितलं ते मी दिलं. तिनं बरणी कढईत उपडी केली, एका क्षणात सगळं काळं पडलं, झाऱ्यानं वर आलं आणि भाजलेल्या मसाल्यात जाऊन बसलं. मी तिथं थांबलो असतो तर मला वास आला असता. पण मला ठसका लागला होता आणि मी रस्त्यावर उभा राहून खोकत होतो.

दुपारी आम्ही तिघं डंकावर गेलो. आमच्या पेठेमागच्या गल्लीत तो डंक आहे. लोखंडी मुसळं खालीवर होत असतात आणि उखळात चटणी कुटली जाते. पाच-सहा बायका डबे घेऊन रांगेत होत्या. डंकवाली बाई नाकातोंडाला फडकं बांधून उखळात हात घालत होती. आमची मिरची पडली, मग मसाला पडला. चार ठोके झाले असतील. तिनं मशीन बंद केलं, फडकं खाली ओढलं आणि वाकून वास घेतला.

"वैनी, चटणीत साबण पडलाय का काय?"

रांगेतल्या बायका उठून आल्या. एकीनं अत्तर म्हटलं, एकीनं पावडर म्हटलं. मीही पुढं झालो. नाकात तो वास शिरला मात्र, आणि माझ्या मनात पहिली भावना कुठली आली ते लिहायला लाज वाटते. मला अभिमान वाटला. पाच किलो मिरचीला पुरून उरलं आपलं लव्हेंडर!

बायकोनं उखळातली चिमूट उचलली. नाकाशी नेली. लांब श्वास घेतला, पुन्हा घेतला. मग सगळ्यांकडं बघून म्हणाली, "काय झालंय वासाला? दरवर्षीगत खमंग तर हाय की."

 डंकवालीनं तिच्या तोंडाकडं नीट पाहिलं. "वैनी, तुमास्नी वास येत न्हाई व्हय?"

"सर्दी झालीया," बायको म्हणाली. तिला सर्दी झालेली नव्हती. सकाळी तिच्या नाकाला शेंडा लावला तेव्हा झकास म्हणालेली मला आठवलं, आणि शेवंतीचं पान आठवलं. मग मागचं सगळंच एकापाठोपाठ आठवत गेलं. मी अर्धवट कुटलेली चटणी पिशवीत भरली.

घरी आल्यावर ती परसातल्या पायरीवर बसली. आक्का तिच्या शेजारी. मी समोर उभा राहिलो आणि विचारलं, "मला का नाही सांगितलंस?" त्या वेळीही प्रश्न माझ्याबद्दलचाच होता.

"सांगितलं हुतं की. तापातनं उठल्यावर. तुम्ही म्हणालासा, हुतंय असं."

"आणि मग रोज झकास झकास काय म्हणत होतीस?"

"तुम्ही एवढ्या हौसेनं आणायचा. न्हाई म्हणवंना." तिनं पदरानं डोळे पुसले. या वेळी ते ठसक्याचं पाणी नव्हतं. "रोज इचारलासा, ह्याचा वास कसा हाय. मला येतोय का न्हाई, ते एक दिस इचारलासा?"

  मला इतकी शरम आयुष्यात दुसऱ्यांदा वाटलेली नाही.

ती म्हणाली, "आता चटणी इकतची आणा. माझं संपलं." आणि झारा धुऊन, पुसून वरच्या फळीवर ठेवून दिला. तो झारा तिथं कधी ठेवलेला मी पाहिला नव्हता. दोन दिवस घरात भांड्यांचा तेवढा आवाज होता. डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी तपासलं, वास परत येतो कधी कधी, कधी येतही नाही, असं खरं ते सांगितलं. ती हो हो म्हणत राहिली. 

वाट मोकळी केली ती आक्कानं. माझ्याच्यानं तेही झालं नसतं. तिच्या वाटणीची चटणी राहिली होती, म्हणून ती मुक्काम हलवत नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं वरच्या फळीवरचा झारा काढला आणि बायकोच्या पुढ्यात टाकला. "नाक गेलं म्हणून हात बी गेलं काय गं? गेल्या साली ताप येऊन गेल्यावरच केलतीस की चटणी. मी वर्षभर खाल्लो, काय कळलं न्हाई मला. ऊठ."

ते खरं होतं. तापानंतर दोन महिन्यांनी तिनं वर्षाची चटणी वासाशिवाय केली होती आणि ती सगळ्या भावकीनं बोटं चाटत खाल्ली होती. हे आक्काच्या ध्यानात आलं, माझ्या नाही.

पुन्हा मिरच्या आणल्या, पुन्हा देठं काढली. बायको उठली खरी, पण हात भीत होते. दर जिन्नसाला थांबायची. म्हणून मी माझं नाक देऊ केलं. तू भाज, मी शेजारी उभा राहून वास सांगतो.

"काय येतोय?" तिनं विचारलं. कढईत धणे होते.

"वास येतोय."

"कसला?"

"धण्यांचा."

"अवो, धन्यांचाच येणार की! कच्चा का पक्का?"

मला सांगता येईना. कच्चा वास आणि पक्का वास यांत फरक असतो हे मला साठीत कळत होतं. मी "थांब, थांब, आता बरा येतोय," म्हणेपर्यंत धणे एक छटा जास्त झाले. लवंगांना मी "दवाखान्यासारखा" म्हणालो. कांद्याला "भज्यासारखा" म्हणालो, तेव्हा आक्का लसूण टाकून हसायला लागली, आणि बायकोलाही हसू आलं. खसखशीपाशी तिनं मला बाजूला सरकवलं. "ऱ्हावू द्या. तुमचं नाक बी गेल्यातच जमा हाय." पुढचं सगळं तिनं माझ्याशिवाय भाजलं. मी बरण्या दिल्या, आणि देताना लेबल मोठ्यानं वाचून, झाकण उघडून, आक्काच्या नाकाखालून फिरवून मगच दिल्या.

पहिल्या पाच किलोंचं काय केलं, असं लोक विचारतात. टाकवेना, म्हणून ती मी खातो. भाकरीबरोबर एकटाच खातो. बाकी घरात कुणी तिला हात लावत नाही.

दुसऱ्यांदा डंकावर जायची वेळ आली तेव्हा मी म्हणालो, दुसऱ्या गल्लीत जाऊ, तिथं कुणी ओळखत नाही. ती म्हणाली, "का? चोरी केलीया का?" आणि स्कूटरवर बसली.

रांग होतीच. डंकवालीनं आम्हाला पाहून फडक्याआडून विचारलं, "काय वैनी, आज साबण न्हाई न्हवं?" दोघीतिघी हसल्या. मी मध्ये पडून काहीतरी सर्दीचं बोलणार होतो. तोंड उघडलंही होतं.

"सर्दी न्हवती मला," बायको म्हणाली. मुसळांच्या आवाजावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली. "वास जातोय म्हणं तापानं, तसा गेलाय. वरीस झालं वर. अजून आल्याला न्हाई. ही चटणी मी बिनवासाची भाजलोय. धनं जरा जास्ती झाल्यात, ते ह्यांच्यामुळं."

डंकवालीनं मशीन बंद केलं. मला वाटलं आता चुकचुकतील, बिचारी म्हणतील, आणि तिला तेच नको होतं. पण कुणी चुकचुकलं नाही. रांगेत सगळ्यांत पुढं एक पोक्त बाई डबा मांडीवर घेऊन बसली होती. आम्ही तिला ओळखत नव्हतो. तिनं डबा खाली ठेवला.

"मला बी येत न्हाई," ती म्हणाली. "घरात कुणाला ठावं न्हाई."

बायको तिच्याकडं वळली.  मग त्या बाईनं विचारलं, "मग तुम्ही भाजता कसं वो?"

एवढ्या दिवसांत मी का लपवलंस म्हणून विचारलं होतं, कधीपासून म्हणून विचारलं होतं, डॉक्टर काय म्हणाले तेही दोनदा विचारलं होतं. कसं करत होतीस, हे विचारलं नव्हतं. बायको पदर खोचून तिच्या शेजारी फरशीवर बसली आणि सांगायला लागली. धणे हलके झाले की झाऱ्याखाली त्यांचा आवाज बदलतो. खोबऱ्याचा रंग बघायचा नाही, कडा बघायच्या. लसूण दातांनी तोडून बघायची, कढईतनं काढून, जीभ भाजली तरी. दुधापाशी उभं राहायचं, हलायचं नाही. गॅसचं बटण दर वेळी दोनदा हातानं चाचपायचं, निजताना तिसऱ्यांदा. ती बाई मान हलवत होती आणि मध्येच आपलं सांगत होती. डंकवालीही येऊन बसली.

मी पिशवी धरून उभा होतो. मध्येच मला काहीतरी सुचलं आणि मी म्हणालो, "अगं, आपण असं केलं तर..."

"थांबा वो जरा," बायको मागं न बघता म्हणाली. "आमी बोलाय लागलोय."